पावसाळ्यात दाराला रंधा नको
पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकू लागलं की सुताराला बोलावून रंधा मारून घ्यायची घाई होते. ती करू नये. लाकूड हवेतला ओलावा शोषून रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून दाराची उभी कड चौकटीला घासते. आज तासलेली ही कड हिवाळ्यात फट होऊन दिसेल. ‘पण तोवर दार लावायचं कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. दोष बरेचदा तिथेच निघतो. मग घासणाऱ्या जागी मेणबत्ती चोळा. भर उन्हाळ्यातही अडलं, तरच तासा आणि तासलेल्या कडेला लगेच रंग द्या. वरच्या-खालच्या कडांनाही द्या. दिसत नाहीत म्हणून रंगारी त्या सर्रास कोऱ्या सोडतात. ओल मात्र तिथूनही शिरते.