उन्हात फुटणारं क्रीम आणि डिंकाची निवड

आम्ही नळदुर्गच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

मे महिन्यात आमच्या कोरफडीच्या क्रीमच्या डब्या ओळखीच्या बायकांनीच परत आणल्या. वर तेल, खाली पाणी! पैसे परत दिले, पण मान खाली गेली. चूक आमचीच. थंडीत घट्ट बसलेलं क्रीम उन्हाळ्यातही टिकेल असं धरून चाललो. खोबरेल तेल २५ अंशांच्या आसपासच वितळतं आणि आपल्याकडे पारा ४० ओलांडतो. म्हणून दाटपणा क्रीममधल्या पाण्यालाच द्यावा लागतो. ते काम डिंकाचं.

बाभळीचा डिंक घरचा, पण दाटपणा कमी, चिकटपणा जास्त. गवारीच्या बियांचा गवार गम स्वस्त आणि दाट, पण तापला की पातळ होतो. झँथन गम साखर आंबवून करतात. तो महाग, पण उन्हात फारसा ढळत नाही. आम्ही तोच घेतला.

१०० ग्रॅम क्रीमला ०.३ ते ०.५ ग्रॅम पुरे. थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. आधी ग्लिसरीनमध्ये कालवा. जास्त झाला तर क्रीम शेंबडासारखं ताणतं. आणि नुसत्या डिंकानं तेल-पाणी बांधलं जात नाही. इमल्सिफाइंग वॅक्स लागतंच. बुरशी धरू नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही हवं.

आता प्रत्येक खेपेतल्या दोन डब्या आम्ही महिनाभर ठेवतो. एक माळवदाच्या गार खोलीत, दुसरी तापल्या पत्र्याखाली. पत्र्याखालची फुटली, तर ती खेप बाजारात जात नाही.

विकण्यासाठी बनवायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आधी काढा, बरं का. डबी परत आली तर पैसे देता येतात; विश्वास परत मिळवायला वेळ लागतो.