ताळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला सांगितलं तेव्हा विषय काय घ्यावा असा प्रश्न पडला. मग सकाळी बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन बाहेर आलो, समोर मिरगुंडांच्या दुकानाशी आपलाच एक वर्गमित्र भेटला. पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "अरे, तू वयाच्या तिसाव्या वर्षी नोकरी सोडून पुन्हा शिकायला गेलास, ते नक्की काय शिकलास?" गेली वीस वर्षं हा प्रश्न मला पालीत विचारला जातो आणि मी हसून वेळ मारून नेतो. आज उत्तर देतो. सर समोर बसले आहेत, त्यामुळे पायऱ्या गाळणार नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये पीएच.डी. केली. लोकांना वाटतं, म्हणजे मी एखादं मोठं सॉफ्टवेअर तयार केलं असणार. तसं नाही. सॉफ्टवेअर लिहिणारे लाखो आहेत. लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे चालवून बघण्याआधी कसं ओळखायचं, हा माझा विषय. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर ताळा. सर गणित सुटल्यावर खडू खाली ठेवत नसत. "उत्तर आलं, आता ताळा कोण करणार?" असं विचारत. अर्धा गुण त्या ताळ्याचा असायचा आणि तो माझा नेहमी जायचा.

हा ताळा चुकला तर काय होतं? ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे नवं रॉकेट फ्रेंच गयानातून उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत आकाशात फुटलं. आधीच्या एरियन ४ मधला प्रोग्रॅमचा एक तुकडा तसाच उचलून नव्यात घातला होता. त्यात वेगाचा एक मोठा आकडा छोट्या खणात ठेवायचा होता. त्या खणात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नव्हता. जुन्या रॉकेटचा वेग कमी, म्हणून तिथे कधी अडलं नाही. नवं जास्त वेगात गेलं, आकडा मावेना, यंत्रणा बंद पडली. अलीकडचं सांगायचं तर जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने पाठवलेल्या एका सुधारणेमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. प्रोग्रॅम २० नोंदींची तयारी ठेवून होता आणि त्याला एकविसावी वाचायला सांगितली गेली. एवढंच.

आता माझा खास विषय. यासाठी आपण गणपतीतल्या स्वयंपाकघरात जाऊ. घरात चाळीस माणसं जेवायची आहेत, पदार्थ पंधरा आणि मोठी पातेली सहा. आजी काय करायची? एखादं पातेलं मोकळं करायच्या आधी ती विचारायची, "यातलं अजून कशाला लागणार आहे का?" नारळाचं दूध आमटीला घालून झालं, पण उरलेलं खिरीला लागणार असेल तर पातेलं मोकळं करायचं नाही. संगणकाच्याही हाताशी पातेली थोडीच असतात. नेहमीच्या प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाचे असे खण सोळा. प्रोग्रॅममधल्या शेकडो गोष्टी त्या सोळात फिरवायच्या. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर विचारावं लागतं, "हे पुढे कुठे लागणार आहे का?" गंमत अशी की याचं उत्तर शेवटाकडून मागे येत येत काढावं लागतं. आधी पानावर काय वाढायचं ते बघायचं, मग एकेक पायरी मागे यायचं. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. आम्हाला त्याची समीकरणं मांडावी लागली.

या विद्येची महाराष्ट्रात एक चांगली परंपरा आहे आणि ती आपल्या लोकांना फारशी माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पवईच्या आय.आय.टी.त प्रा. धनंजय ढमढेरे यांनी या विषयात काम केलं. आपल्यातले जे कोणी संगणक अभियांत्रिकी शिकले त्यांनी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं त्यांचं पुस्तक हाताळलंच असेल. त्यांच्याकडे उदय खेडकर यांनी पीएच.डी. केली. गुरुशिष्यांचा या विषयावरचा एक महत्त्वाचा निबंध १९९४ साली अमेरिकेतल्या नामवंत शोधपत्रिकेत आला. पुढे खेडकर स्वतः पवईत प्राध्यापक झाले आणि ते व प्रा. अमिताभ सन्याल यांच्याकडे अमेय करकरे या विद्यार्थ्याने काम केलं. त्या तिघांचा २००७ सालचा निबंध माळ्याबद्दल आहे, असं मी म्हणेन. आपल्या माळ्यावर अशा कितीतरी वस्तू असतात की शिडी लावली तर हाताला येतील, पण पुन्हा कोणी वापरणार नाही. संगणकाची सफाई करणारी यंत्रणा "हात पोचतो ना, मग ठेवा" असं म्हणते. या तिघांनी रीत मांडली ती हात पोचणाऱ्यांतलंही काय खरोखर लागणार नाही हे आधीच ओळखण्याची. करकरे पुढे कानपूरच्या आय.आय.टी.त शिकवू लागले. एका माणसाने सुरू केलेला धागा दुसऱ्याने आणि तिसऱ्याने पुढे ओढला. पुण्यात हडपसरला १९८१ साली एफ. सी. कोहली यांच्या पुढाकाराने टाटांनी टी.आर.डी.डी.सी. ही संशोधनसंस्था काढली, तिथेही प्रोग्रॅम न चालवता तपासण्याच्या साधनांवर पुष्कळ काम झालं. मी यांपैकी कोणाचा विद्यार्थी नव्हे. त्यांचं लिहिलेलं वाचून शिकलो, दुसरीकडे.

आता ते "दुसरीकडे" काय झालं ते सांगतो. हे मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही.

दोन वर्षं खपून मी माळ्याची सफाई करण्याची माझी एक रीत बसवली. ती जलद होती. चाळीस प्रोग्रॅमांवर चालवली, चाळीसही बरोबर आले. निबंध लिहिला, एका परिषदेने स्वीकारला. परदेशी जायचं तिकीट बघायला लागलो. निबंधाची शेवटची प्रत पाठवायला तीन आठवडे होते. एका रात्री झोप येईना म्हणून मी कागदावर अकरा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि माझी रीत हाताने त्यावर लावून बघितली. ताळा. रीतीने सांगितलं, हे पातेलं मोकळं करा. आणि दोन ओळी पुढे त्याच पातेल्यात हात घातला जात होता.

चूक अशी होती. आपल्या घरात एकाच पातेल्याला आई "मोठं पातेलं" म्हणते आणि आत्या "नागोठण्याचं पातेलं" म्हणते. मोठ्या पातेल्याचं काम संपलं असं कोणी म्हटलं म्हणून ते घासायला टाकलं, तर आत्याची खीर गेली. एका वस्तूला दोन नावं असली की काय करायचं याची सोय मी केली होती. पण दुसरं नाव एका विशिष्ट क्रमाने, दुसऱ्याच्या हातून पडलं तर ते माझ्या रीतीला दिसत नव्हतं. चाळीस प्रोग्रॅमांत तसा क्रम आलाच नव्हता.

मी दोन दिवस कोणाला बोललो नाही. खरं सांगतो, मनात आलं की जाऊ द्या. परीक्षकांना दिसलं नाही, पुढेही कोणाला दिसणार नाही. घरी लहान मूल, पगार सोडलेला, बायकोच्या नोकरीवर घर चाललेलं. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक मॅडमकडे गेलो आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा तपासला. मग म्हणाल्या, "पेपर मागे घेऊ. पत्र तू लिही, कारणासकट. मी सही करते." मी म्हटलं, "मॅडम, दोन वर्षं गेली." त्या म्हणाल्या, "गेली नाहीत. तुला आता एक गोष्ट माहीत आहे जी महिन्यापूर्वी माहीत नव्हती."

त्या आठवड्यात पालीला आलो. बाबांचं किराणा दुकान तुम्हाला आठवत असेल. रात्री शटर अर्धं ओढून ते चोपडीचा मेळ घालत. पाच रुपयांचा फरक असला तरी जेवायला उठत नसत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना पातेल्यांचं कितपत कळलं माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "चोपडीतली चूक आपण काढली तर ती चूक. गिऱ्हाइकाने काढली तर लोक तिला लबाडी म्हणतात. तू आधी काढलीस ना? मग जेव."

रीत दुरुस्त करायला चौदा महिने लागले. दुरुस्त झालेली रीत पहिल्याइतकी जलद नव्हती आणि दावाही लहान झाला. प्रबंधात मी एक पूर्ण प्रकरण त्या अकरा ओळींवर लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. आज मी एका कंपनीत वाहनांमधल्या सॉफ्टवेअरची तपासणी करतो. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी त्यांना तोच कागद देतो आणि चूक शोधायला सांगतो.

आता थोडं कामाचं. कालपासून दोघांनी विचारलं की मुलगी एम.टेक. किंवा पीएच.डी. म्हणते आहे, नोकरी चालून आलेली आहे, काय करावं? मी मोघम सल्ला देत नाही, आकडे सांगतो. गेट परीक्षेतून एम.टेक.ला गेलं तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पीएच.डी.ला ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. चांगल्या कंपनीच्या पगारापुढे हे कमीच आहे आणि पाच-सहा वर्षं जातात. फक्त नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून जायचं असेल तर नका पाठवू. पण एखाद्या प्रश्नाने तिची झोप उडत असेल तर अडवू नका. लांबही जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगावच्या पुढे लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे.

आणि विद्यार्थ्याचं काम कपाटात पडून राहतं असंही समजू नका. लायनस टोरवाल्ड्स हेलसिंकीला शिकत असताना १९९१ साली त्याने लिनक्स लिहायला घेतलं. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात ते आहे. १९९७ सालचा त्याचा पदव्युत्तर प्रबंधही लिनक्सवरच होता. रॉय फील्डिंग याने २००० साली कॅलिफोर्नियात जो पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, त्यातल्या मांडणीवर आजची असंख्य अ‍ॅप आपापल्या सर्व्हरशी बोलतात.

कोणी म्हणेल, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ताच प्रोग्रॅम लिहून देते, मग हे शिकून काय करायचं? माझं म्हणणं उलट आहे. लिहिणारा जितका झपाट्याने लिहील तितकी तपासणाऱ्याची गरज वाढेल. उत्तर यंत्र देईल, पण ताळा कोण करणार?

शेवटी एक विनंती. शाळेत संगणक आहेत, पण पावसाळ्यात वीज गेली की ते बंद. माझ्या विषयाला सुरुवातीला वीज लागतच नाही, कागद आणि पेन्सिल पुरते. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी दर महिन्याला एक शनिवार येईन आणि नववीच्या मुलांना कागदावर प्रोग्रॅम लिहायला आणि त्यातल्या चुका शोधायला शिकवीन. आपल्यापैकी पुणे-मुंबईत या क्षेत्रात असलेले आणखी चौघे आहेत. त्यांनी महिने वाटून घ्यावेत. एस.टी.चं भाडं ज्याचं त्याने काढायचं, जेवण माझ्या घरी.

सर, तुमचा तो अर्धा गुण मी तेव्हा घालवला. नंतर मला तो चौदा महिन्यांना पडला. पण मिळवला. तुमच्या वहीत तेवढी दुरुस्ती करून घ्या.