इतिवृत्ताच्या वहीतलं माझं अक्षर

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला अध्यक्षांनी सांगितलं की, सोसायटीच्या जुन्या आठवणी सांगा. अकरा वर्षं मी सेक्रेटरी होतो, तेव्हा आठवणी भरपूर आहेत. पण आज मी एकच आठवण सांगणार आहे, आणि ती सांगताना माझा उजवा हात हलताना दिसेल. माईकला हलवू नये म्हणून तो खिशात घातला आहे.

स्मरणिकेच्या कामासाठी गेल्या महिन्यात कपाटातून इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वहीत माझं अक्षर ठसठशीत. एका पानावर वीस ओळी. पुढे पुढे पानं चाळत गेलो तसं अक्षर बारीक होत गेलं. ओळीची सुरुवात बरी, शेवट मुंगीच्या पायाएवढा. शेवटच्या वहीतला एक ठराव तर मलाच वाचता आला नाही. मंडळी, डॉक्टरांनी माझा आजार ओळखला त्याच्या दोन वर्षं आधी तो आपल्या सोसायटीच्या दप्तरात नोंदला गेला होता!

या आजाराचं नाव पार्किन्सन्स. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात म्हणतात. लोकांना वाटतं, हात थरथरला म्हणजे पार्किन्सन्स. तसं नाही. काहींना कंप नसतोच. हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज खाली जातो, अक्षर लहान होतं. त्याच्याही आधी काही वर्षं वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ होतं, झोपेत माणूस हातपाय झाडतो. आमच्या घरात एकदा दूध करपून धूर झाला तरी मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. हिला वाटलं, मी मुद्दाम उठलो नाही. त्यावरून आमचं दोन दिवस भांडण चाललं होतं.

आजाराला ज्यांचं नाव आहे ते जेम्स पार्किन्सन लंडनचे डॉक्टर. 1817 साली त्यांनी छोटी पुस्तिका लिहिली. त्यात सहा रुग्ण आहेत, आणि त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यावरून जाताना पाहिलेले! चाल कशी, पाठ कशी वाकलेली, हे एका माणसाने थांबून नीट बघितलं, म्हणून आजाराला ओळख मिळाली. त्यांचा जन्मदिवस 11 एप्रिल, तोच आज जागतिक पार्किन्सन्स दिन आहे.

आता आत काय होतं ते सांगतो. मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरळीत व्हायला ते लागतं. या पेशी हळूहळू मरतात, आणि लक्षणं डोळ्यांना दिसेपर्यंत त्यांतल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. का मरतात, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

उपचार कसा सापडला ती गोष्ट मला फार आवडते. 1957 च्या सुमारास स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. हे रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेत असतं तेच. ससे गळून पडले, हलेनात. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं, आणि थोड्या वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. पुढे व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच यांनी दाखवलं की, रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खरंच कमी असतं. 1967 साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपाचा डोस हळूहळू वाढवत नेला, आणि जखडलेली माणसं चालू लागली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. आज इतक्या वर्षांनी माझ्या डबीत मुख्य गोळी तीच आहे. आपल्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण ऐकीव माहितीवर कुणी ते चूर्ण घेऊ नका. डोस कमी-जास्त झाला की हाल होतात. आणि स्पष्ट सांगायचं तर गोळीने लक्षणं आवरतात, आजार थांबत नाही. तो थांबवणारं औषध अजून शोधलं जातंय.

आता त्या आठवणीकडे येतो.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, एका उन्हाळ्यात लिफ्ट सहा दिवस बंद होती. मेंटेनन्सचा चेक परत आला होता, सही जुळत नाही म्हणून. चौथ्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं, दवाखान्यात न्यायला. पुढच्या सभेत तुम्ही मला विचारलंत, आणि मी उभं राहून बँकेला दोष दिला. तुम्ही विश्वास ठेवलात.

खरं असं होतं की, माझं निदान होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. सही बदलते आहे हे मला ठाऊक होतं. बँकेत जाऊन नवी नमुना सही देणं अर्ध्या तासाचं काम. पण का बदलली, असं कुणी विचारलं तर? त्या भीतीने मी गेलो नाही. नंतर तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला, तेव्हाही आजाराचं नाव घेतलं नाही. आजी आज नाहीत. त्यांच्या सूनबाई समोर बसल्या आहेत. वहिनी, मी तुमची माफी मागतो.

लपवून काय मिळवलं? लिफ्टच्या दारात पाय चिकटायचे तेव्हा मागून कुजबुज ऐकली, "साहेबांनी आज घेतलेली दिसते." त्या मुलाचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा एकाने भल्या मनाने हात ओढला आणि मी तोंडावर पडलो. चहा सांडतो म्हणून मी समारंभांना यायचं बंद केलं.

मग मुलीने मला एक भाषण दाखवलं. पुण्याच्या मिलेहा सोनेजी नावाच्या डिझायनरचं. तिच्या काकांना पार्किन्सन्स. तिच्या लक्षात आलं की, सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सरळ उतरतात. तिने जमिनीवर पायऱ्यांचं चित्र अंथरलं, आणि काका त्यावरून चालत गेले! मी आपल्या जिन्यावर करून पाहिलं. खरंच, जिन्यात माझा पाय अडत नाही, लॉबीत अडतो. डोळ्यांना रेघ दिसली की पायाला पुढचं पाऊल कळतं. सगळ्यांना हा उपाय लागू पडेल असं नाही, पण मला पडला. त्याच काकांसाठी तिने चहा न सांडणारा कपही बनवला.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, लॉबीत नवी फरशी बसवायचं कमिटीने ठरवलंय. त्यात लिफ्टपासून गेटपर्यंत पावलापावलावर गडद आडव्या पट्ट्या घाला, आणि फरशी गुळगुळीत नको. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा द्या. याचा उपयोग मला एकट्याला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी इथे आलेली तरुण जोडपी आता साठीच्या घरात आहेत.

दुसरी, मी कुठे थबकलो तर ओढू नका, "काका, चला चला" म्हणू नका. शेजारी उभे राहा, "एक, दोन, एक, दोन" म्हणा. नाहीतर तुमचा पाय माझ्या पायापुढे आडवा ठेवा, तो ओलांडून मी निघेन. माझा चेहरा कोरा दिसला तर मी रागावलोय असं समजू नका. आत हसत असतो.

तिसरी, तुमच्यापैकी कुणाला असं काही होत असेल तर लपवू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे जा. व्यायाम करा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे आपल्यासारखी माणसं एकत्र येतात, व्यायाम करतात, गप्पा मारतात. आणि आपल्या बिल्डिंगमध्ये ब विंग, पहिला मजला, माझं दार उघडं आहे. दुपारी बारानंतर या, तोवर गोळी लागू झालेली असते.

पट्ट्यांचा ठराव पुढच्या सभेत मांडावा. मी सूचक म्हणून सही करीन. नवी नमुना सही गेल्या सोमवारी बँकेत देऊन आलोय. इतिवृत्त मात्र दुसऱ्या कुणी तरी लिहा, म्हणजे पन्नासाव्या वर्षी लोकांना वाचता येईल.