मर्मदृष्टी आणि आपली मुले



आताच आपण मेणबत्ती प्रज्वलित करून वंदना घेतली. मेणबत्तीवरूनच एक प्रश्न विचारतो. डोळ्यांच्या उंचीवर, दारावर मेणबत्ती उभी करायची आहे. जवळ ड्रॉइंग पिना, काड्या आणि काही लहान खोकी आहेत. काय कराल?

कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली आपल्या ग्रंथात हा प्रयोग मांडला. उत्तर सोपे आहे : खोके पिनांनी दारावर ठोकायचे आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. खोकी रिकामी दिली तेव्हा लोकांना हे चटकन सुचले. तीच खोकी पिना, काड्या भरून दिली तेव्हा अनेकांना सुचेना. खोके म्हणजे वस्तू ठेवायचे साधन, एवढेच त्यांना दिसत होते. याला मानसशास्त्रात 'कार्यात्मक स्थिरता' म्हणतात. ती सुटते आणि जुनीच वस्तू नव्या नात्याने दिसते, त्या क्षणाला 'मर्मदृष्टी' म्हणतात.

बंधूभगिनींनो, आपल्या समाजव्यवस्थेने माणसाचेच असे खोके केले होते. याने ढोरे ओढावीत, त्याने झाडू मारावा. जन्माने काम ठरले की माणसात दुसरे काही दिसायचेच नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्यांनी नव्या दृष्टीने पाहिली.

परंतु आज आपल्याच घरात काय ऐकू येते? "गणित आपल्या पोरांना जमायचं नाही." "मुलीला कशाला हवं सायन्स?" हेही भरलेले खोकेच! तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले, की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. मग मुलांविषयीचे हे समज आपण कधी पारखले?

म्हणून एवढेच सुचवतो. अभ्यासिकेत मूल उदाहरणात अडले, तर लगेच रीत सांगू नका. "दुसऱ्या कशाने होईल का?" असे विचारा आणि थांबा. त्या थांबण्यात वेळ जाईल, पण वाया जाणार नाही. पाठांतराने परीक्षा पार पडेल. प्रज्ञा मात्र स्वतः शोधल्यानेच जागी होते. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, त्यात नव्याने पाहायला शिकणेही आले.

जयभीम! नमो बुद्धाय!