अबोल मूल आणि शाळेची भाषा

पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यांत दाभोसा नांवाचें गांव आहे. तेथें लेंडी नदी सुमारें ३०० फूट उंचीवरून खालीं झेंप घेते आणि पावसाळ्यांत तो देखावा पाहण्यासाठीं मुंबई-नाशिककडील मंडळी आवर्जून जातात. जलप्रपाताचा घोष सर्वांस ऐकूं येतो. परंतु त्याच डोंगराळ मुलखांतील एखाद्या शाळेंत एखादें मूल दिवसचे दिवस शब्द न काढतां बसलें, तर तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. अशा अबोल मुलांचा विचार हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जव्हार-मोखाड्याच्या टापूंत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वगैरे जमाती राहतात. त्यांच्या घरच्या बोली पुस्तकी मराठीहून पुष्कळ निराळ्या आहेत. ज्या धान्याला घरीं नागली म्हणतात, तें पुस्तकांत नाचणी होऊन येतें. त्यांतच दिवाळीनंतर अनेक कुटुंबें वीटभट्ट्यांच्या कामास बाहेरगांवीं जातात आणि मुलांची शाळा मध्येंच तुटते. परत आलेलें मूल वर्गांत गप्प राहिलें, कीं ‘मंद’ हा शिक्का त्याच्या कपाळीं सहज बसतो.

परंतु श्रोतेहो, चार मुलें सारखींच गप्प दिसलीं, तरी त्यांच्या मौनाचीं कारणें चार असूं शकतात. पहिल्या मुलास शाळेची भाषाच परकी असते. दुसऱ्यास नीट ऐकूं येत नाहीं. तिसऱ्याचे कान उत्तम असतात, पण शब्द समजणें व वाक्य जुळविणें त्यास मुळांतच जड जातें. अशीं मुलें वाटतात तितकीं विरळा नाहींत; इंग्लंडांतील सरे परगण्याच्या, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत त्यांचें प्रमाण सुमारें ७ टक्के, म्हणजे तीस मुलांच्या वर्गांत दोन, असें आढळलें. चौथें मूल स्वमग्न असतें. बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर कित्येक वर्षें आईच्या थंड वागणुकीवर या अवस्थेचा ठपका ठेवण्यांत येई. तो समज पुढें साफ खोटा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत १२७ माणसांमागें एक स्वमग्न होता.

या चौघांस ओळखावें कसें? शिक्षकानें पहिला प्रश्न मुलास न विचारतां त्याच्या आईस विचारावा: घरच्या बोलींत हें मूल कसें बोलतें? जें मूल भावंडांशीं भांडतें, गुरें राखतांना गाणें म्हणतें, घडलेली हकीकत आजीस नीट सांगतें, त्याच्या वाचेंत कांहीं उणें नाहीं. त्याच्या बोलीचे शब्द फळ्यावर घेतले आणि तेथून पुस्तकी मराठीकडे हळूहळू नेलें, म्हणजे तें बोलूं लागतें.

मात्र आईनें, ‘घरींही तसेंच आहे,’ असें सांगितलें, तर ‘डोंगरांतलें मूल, उशिरां बोलेल’ म्हणून स्वस्थ बसणें हा अपराध होय. प्रथम कानांची परीक्षा झाली पाहिजे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें शाळा व अंगणवाड्यांतून मुलांस तपासूं लागलीं. त्यांच्यापुढें अशा मुलाचें नांव शिक्षकानें स्वतः ठेवावें. मुंबईस वांद्रें येथें वाचा व श्रवण या विषयांची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नता आणि वाचा-भाषेचा दोष हीं दोन्हीं समाविष्ट आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो.

तपासणी होईपर्यंत शाळेनें वाट पाहत राहण्याचें कारण नाहीं. एका वेळीं एकच लहान वाक्य बोलावें. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठीं मनांत दहा अंक मोजण्याइतका अवधि द्यावा. स्वमग्न मुलास अचानक बदल व गोंगाट सहन होत नाहीं; म्हणून प्रार्थना, वाचन, जेवण, खेळ असा दिवसाचा क्रम चित्रांनीं भिंतीवर मांडावा. ‘माझ्या डोळ्यांकडे पाहा’ असा आग्रह धरूं नये. बोट दाखविलें, चित्र पुढें केलें, तरी तें उत्तरच समजावें.

चित्रांतून मनोगत सांगण्याचें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. गंजाडचे थोर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची वाचा बालपणीं आई वारल्यानंतर मावळली आणि कित्येक वर्षें ते धुळींत रेघा ओढून आपलें मन उघड करीत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. त्यांचें मौन दुःखांतून आलेलें, वर सांगितलेल्या चारांहून निराळें होतें. परंतु त्या रेघा कोणीं तुच्छ मानल्या असत्या, तर २०११ सालीं पद्मश्री मिळविणारा कलावंत महाराष्ट्रास लाभला नसता.

मुलानें शाळेजोगें व्हावें याची वाट न पाहतां शाळेनें मुलाजोगें व्हावें, हा विचारही या भागास नवा नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर हेंच केलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहतांच त्यांनीं शाळा पाड्यांच्या अंगणांत आणि गुरें चरतात त्या कुरणांत नेली.

शहरांतील सुशिक्षित घरांनींही यांतून बोध घ्यावा. मूल उशिरां बोलूं लागलें, कीं घरांतील मराठी बंद करून केवळ इंग्रजी बोलण्याचा सल्ला त्यांना पुष्कळदां मिळतो. दोन भाषा कानीं पडल्यानें स्वमग्नता उत्पन्न होत नाहीं आणि भाषेचा दोषही जडत नाहीं. आजीची गोष्ट, आईचें बोलणें बंद झालें, तर ज्या मुलाजवळ आधींच शब्द थोडे, त्याचे तेवढेही हिरावले जातात. तपासणी वेळेवर करावी, तज्ज्ञाचें साह्य घ्यावें, पण घरची भाषा घरांत राहूं द्यावी. डोंगरावरील पाडा असो वा शहरांतील चाळ, मूल ज्या भाषेंत आईला हांक मारतें, तिच्यांतूनच त्याचें शिक्षण सुरू व्हावें.