विषमज्वराच्या जंतूचे घोंगडे
(महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



न्यासाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही पेशाने शिक्षक, विषय विज्ञान. तेव्हा आपल्या हुबळी-धारवाडच्या घराघरांत ज्याची ओळख आहे, त्या मुदतीच्या तापाविषयी, म्हणजेच विषमज्वराविषयी बोलावे असे योजिले आहे. डॉक्टर त्यालाच टायफॉइड म्हणतात.

या तापाचा जंतू दूषित पाण्यावाटे व अन्नावाटे पोटात जातो आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो. परक्या जंतूला ओळखून पकडण्याची व्यवस्था आपल्या शरीरात आहे. जंतूच्या अंगावरील ज्या पदार्थांवरून ही ओळख पटते, त्यांना प्रतिजन म्हणतात. मग हा जंतू सहजासहजी हाती का लागत नाही? १९३४ साली लंडनमध्ये फेलिक्स व पिट यांना त्याचे कारण सापडले. या जंतूच्या अंगावर आणखी एक आवरण असते आणि ते खालच्या प्रतिजनाला झाकून टाकते. त्या आवरणाला त्यांनी 'व्हीआय' प्रतिजन असे नाव दिले.

परंतु जंतूंनाही वैरी आहेत. जंतूंवर जगणारे अतिसूक्ष्म विषाणू १९१५ साली ट्वॉर्ट यांच्या व १९१७ साली डेरेल यांच्या ध्यानी आले. त्यांना आपण जंतुभक्षक म्हणू. भक्षकाला वाटेल त्या जंतूवर बसता येत नाही. त्याच्या शेपटीचे टोक जंतूच्या अंगावरील ठराविक पदार्थालाच चिकटते. तो पदार्थ मिळाला की भक्षक आपले बीज आत सोडतो, आत त्याची पिलावळ वाढते आणि जंतू फुटून मरतो. तो पदार्थ नसला की भक्षकाचे काही चालत नाही.

आता मौज पाहा. जे भक्षक खालच्या प्रतिजनाला चिकटणारे, त्यांची वाट व्हीआय आवरण अडविते. पण दुसरे काही भक्षक असे आहेत की त्यांना बसायला हे आवरणच लागते! आपल्याकडचा धनगर पावसात घोंगडे पांघरतो. घोंगडे त्याला पावसापासून राखते. परंतु गवतातून चालताना कुसळे त्या घोंगड्यालाच धरतात. कुसळांच्या त्रासाने घोंगडे फेकले, तर भिजणे आले. जंतूची गत तीच. आवरण टाकलेला जंतू या भक्षकांपासून वाचतो, पण माणसाच्या शरीरात त्याचा जोर कमी पडतो.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९३८ साली टोरांटो येथे क्रेगी व येन यांनी अशाच भक्षकाच्या साह्याने विषमज्वराच्या जंतूंचे निरनिराळे प्रकार पाडून दाखविले. एका गावातील अनेक रोग्यांत एकच प्रकार आढळला, तर सर्वांना एकाच ठिकाणाहून बाधा झाली असावी, असा माग लागतो. कित्येकदा तो माग, ताप बरा होऊनही पित्ताशयात जंतू बाळगणाऱ्या एखाद्या स्वयंपाक्यापर्यंत पोचतो. बिचाऱ्याला स्वतःला त्याची वार्ताही नसते.

दुसरा उपयोग लसीचा. हेच आवरण शुद्ध करून शरीराला आधी दाखविले, तर शरीर ते ओळखू लागते. नुसत्या आवरणाची लस दोन वर्षांखालील बाळांना लागू पडत नसे. ते एका प्रथिनाला जोडल्यावर ही अडचण दूर झाली. हैदराबादेत तयार झालेली अशी जोडलस नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना दिली.

तथापि लस घेतली की काम संपले, असे नाही. नळाचे पाणी मधूनमधून बंद राहिले, की नळातील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराची घाण आत ओढली जाते. आपल्याच शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी मिळू लागल्यावर सुमारे ३,९०० कुटुंबांची पाहणी झाली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. चोवीस तास पाणी असलेल्या भागांत विषमज्वर झाल्याचे सांगणारी कुटुंबे ४२ टक्क्यांनी कमी आढळली.

औषधांच्या भरवशावर राहावे, तर तोही आधार डळमळू लागला आहे. सिंध प्रांतात २०१६ सालापासून नेहमीची बहुतेक औषधे न जुमानणारा विषमज्वर पसरला. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे: डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ताप उतरताच बंद करू नका, दुकानातून आपल्या मनाने आणू नका, पाणी उकळून प्या, स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा, आणि मुलांच्या लसीविषयी डॉक्टरांना जरूर विचारा.

न्यासाने आजवर गरजूंना वह्या-पुस्तके दिली, औषधपाण्याला हात दिला. यापुढे ज्यांना लसीचा खर्च झेपत नाही अशा घरांतील मुलांसाठीही थोडी रक्कम बाजूला काढावी, एवढे विश्वस्त मंडळींना सुचवून आम्ही आपली रजा घेतो.