परिचारिकांची परीक्षा : चारही उत्तरें खरीं असतां

चार उत्तरांतून एक निवडावयाचें, त्यांत अवघड तें काय, असा प्रश्न पानेंच्या पानें लिहून परीक्षा दिलेल्या मागील पिढीला पडणें साहजिक आहे. नुसती खूण करावयाची. लिहावयाचें कांहींच नाहीं! परंतु अमेरिकेंत परिचारिका म्हणून काम करण्याचा परवाना ज्या परीक्षेवर अवलंबून असतो, त्या ‘एन्क्लेक्स’ परीक्षेंत दहा दहा वर्षें वॉर्ड सांभाळलेल्या परिचारिकाही अडखळतात; आणि त्या अडखळतात त्या बहुधा अज्ञानामुळें नव्हे, तर चारही उत्तरें त्यांना खरीं दिसतात म्हणून. पुष्कळदां तीं खरींच असतात.

ही परीक्षा या नांवानें १९८२ पासून घेतली जाते. १९९४ सालीं कागद-पेन्सिल जाऊन संगणक आला. मुंबईच्या केंद्रांत बसूनही ती देतां येते, त्यामुळें महाराष्ट्रांतील परिचारिकांचाही तिच्याशीं संबंध येतो. संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडतो : उत्तर बरोबर आलें तर पुढचा अधिक कठीण, चुकलें तर थोडा सोपा. प्रश्न वगळतां येत नाहीं आणि मागें वळून उत्तर बदलतांही येत नाहीं.

एक उदाहरण घ्यावें. रुग्णाला रक्त चढविण्यास सुरुवात होऊन दहा मिनिटें झालीं आहेत. त्याला हुडहुडी भरली आहे आणि कंबर दुखते म्हणून तो सांगत आहे. परिचारिकेनें प्रथम काय करावें? ताप पहावा, डॉक्टरांना कळवावें, रक्त बंद करावें, कीं पिशवी रक्तपेढीकडे परत पाठवावी? या चारही गोष्टी करावयाच्याच आहेत. प्रश्नाचा सारा भार ‘प्रथम’ या एका शब्दावर आहे. आधीं तपासणी, मग कृति, हा नियम प्रत्येक विद्यार्थिनीला पढविलेला असतो. तोच धरून चालणारी येथें ‘ताप पहावा’ यावर खूण करते आणि चुकते. कारण तपासणीनें जें कळावयाचें, तें प्रश्नानेंच सांगून टाकलें आहे. थर्मामीटर काखेंत असेपर्यंत न जुळणारें रक्त थेंबाथेंबानें शरीरांत जातच राहील. म्हणून प्रथम रक्त बंद करावयाचें, नवी नळी जोडून सलाईननें शीर चालू ठेवावयाची, बाकीचें मागाहून.

याच्या उलट, एखादा रुग्ण ‘अस्वस्थ वाटतें’ एवढेंच म्हणत असेल आणि प्रश्नांत दुसरी माहितीच दिलेली नसेल, तर डॉक्टरांना बोलावण्याची घाई चूक ठरते. तेथें तपासणी हेंच उत्तर. नियम तोच, पण प्रश्नानें काय सांगितलें आहे व काय सांगितलेलें नाहीं, यावर तो लागूं पडणें अवलंबून असतें. पर्यायांकडे दृष्टि न टाकतां उत्तर आधीं मनाशीं स्वतःच्या शब्दांत बांधावें आणि मगच ते चार पर्याय वाचावे, ही संवय याचसाठीं मोलाची आहे. चार रुग्णांपैकीं आधीं कोणाकडे जावें, या प्रश्नांत श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण हा क्रम बहुतेक वेळीं तारतो : वेदनाशामक मागून आरडाओरडा करणारा मागें राहतो, आणि थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर श्वास आंत घेतांना ज्याच्या घशांतून शिळेसारखा आवाज येतो, तो निमूट पडलेला रुग्ण पुढें येतो.

अनुभवी परिचारिकेचा पाय खरा घसरतो तो निराळ्याच ठिकाणीं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत एकीकडे पुष्कळ खाटा असतात. रुग्णाला भरविणें, कुशीवर वळविणें हीं कामें नातलग करतात, नाहीं तर वॉर्डांतल्या मावशी. परीक्षेंतील रुग्णालयांत मात्र माणसें पुरेशीं असतात, साधनें हाताशीं असतात आणि काम कोणावर सोपवावें याला कायदा असतो. मदतनिसाकडे कोणतें काम द्यावें, असें विचारून पुढें पर्याय येतात : मधुमेह्याला इन्सुलिन टोचून घेण्यास शिकविणें, नुकताच शस्त्रक्रियेहून आलेला रुग्ण तपासणें, काल पक्षाघात झालेल्यास जेवण भरविणें, प्रकृति स्थिर असलेल्यास न्हाणीघरापर्यंत नेणें. पहिले दोन ती सहज बाजूस सारते. भरविण्याचें काम मात्र तिला निरुपद्रवी वाटतें, कारण रोज तें कोणीही करतांना तिनें पाहिलेलें असतें. परंतु पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया बिघडलेली असूं शकते. घास श्वासनलिकेंत गेला तर फुप्फुसदाह ओढवतो. उत्तर न्हाणीघराचें. अशा प्रश्नांना कृत्रिम म्हणण्याची रीत आहे, आणि ती अर्धीच योग्य आहे. कागदावरचें रुग्णालय कृत्रिम असेल. गिळण्याचा दोष मुंबईंत काय नि शिकागोंत काय, सारखाच घातक.

सर्वांत लांब पर्याय बरोबर, कांहीं सुचेना तर तिसरा, असल्या युक्त्या विद्यार्थिनींत फिरत असतात. त्यांची किंमत शून्य. ‘कधींही’, ‘नेहमीं’ असे शब्द असलेला पर्याय टाळावा, ही सूचना त्यांतल्या त्यांत बरी, तरी तिलाही अपवाद आहे. पोटॅशियम क्लोराइड शिरेंत एकदम टोचूं नये, कधींही टोचूं नये. येथें ‘कधींही’ हा शब्द अक्षरशः खरा आहे.

योग्य वाटतील त्या सर्वांवर खूण करावयाच्या प्रश्नांची धास्ती फार. तेथें प्रत्येक पर्याय एकटा उभा करून ‘खरें कीं खोटें’ एवढेंच ठरवावें. त्यांची आपसांत तुलना करूं नये. २०२३ च्या एप्रिलपासून अशा प्रश्नांना अंशतः गुण मिळूं लागले, पण चुकीच्या खुणेचा गुण वजाही होतो. तेव्हां सर्वच पर्यायांवर खुणा करीत सुटण्यानें कांहीं साधत नाहीं.

घरीं अभ्यास करतांना सोडविलेल्या प्रश्नांची संख्या मोजण्यापेक्षां प्रत्येक प्रश्नांतील उरलेले तीन पर्याय कां गळाले, हें वहींत एकेका ओळींत लिहावें. अशानें दिवसाला वीसच प्रश्न होतील, पण ते पचतील.

परीक्षेंत कमींत कमी ८५ व अधिकांत अधिक १५० प्रश्न येतात. वेळ पांच तास. प्रश्न सतत कठीण येत असले तर तें वाईट लक्षण नव्हे. आणि पंचाऐंशीव्या प्रश्नानंतर पडदा अचानक कोरा झाला, तर त्यावरून कांहींच अनुमान काढतां येत नाहीं. निश्चित उत्तीर्ण होणारी आणि निश्चित अनुत्तीर्ण होणारी, अशा दोघींसाठींही संगणक तेवढ्याच लवकर थांबतो.